लिनक्सवरचे खेळ : अस्सल की दुभाष्यामार्फत?

खेळ बनवणाऱ्या कंपन्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढावी की काढू नये, हा वाद आता चांगला तीस वर्षांचा घोडा झाला आहे, पण अक्कलदाढ काही अजून आलेली दिसत नाही. एका बाजूचे म्हणतात, आम्ही रोख पैसे मोजायला तयार आहोत, मग आम्हालाच सावत्र वागणूक का? दुसऱ्या बाजूचे विचारतात, तुम्ही आहात तरी किती जण? मग पहिले चिडतात, दुसरे आकडे फेकतात, आणि पुढचा मोठा खेळ येईपर्यंत सगळे शांत होतात.

मला ह्या भांडणापेक्षा त्याचा इतिहास जास्त रंजक वाटतो. कारण "काढावी का?" ह्या प्रश्नाचे उत्तर लोकांनी प्रत्यक्ष काढून पाहिलेले आहे, तेही तीन-चार वेळा. कोणाचे त्यात दिवाळे वाजले, कोणी शब्द देऊन मोडला, आणि कोणी सहज हौसेने केलेले काम जगभर पसरले. हे सगळे एका ओळीत मांडून पाहिले तर उत्तर बरेच सोपे होते असे माझे मत आहे.

घरच्या ज्या मंडळींना ह्यातले काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. (बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल.) विंडोजसाठी लिहिलेला खेळ पावलोपावली विंडोजकडे काहीतरी मागत असतो: हे चित्र काढ, हा आवाज कर, माऊस कुठे गेला ते सांग. तोच खेळ लिनक्सवर नेला तर ही मागणी समजणारे तिथे कोणी नसते. मग दोनच उपाय उरतात. एक तर खेळाचा तेवढा भाग लिनक्सच्या भाषेत नव्याने लिहायचा. ह्याला पोर्ट करणे म्हणतात, आणि त्यातून जे येते ती अस्सल लिनक्स आवृत्ती. नाही तर मध्ये एक दुभाष्या बसवायचा. खेळ विंडोजच्या भाषेत मागतो, दुभाष्या ते ऐकून लिनक्सला सांगतो, खेळाला पत्ताही लागत नाही. सगळा वाद ह्या दोन उपायांमधला आहे.

सुरुवात करावी लागते ती 'डूम'पासून. आयडी सॉफ्टवेअरचा हा खेळ १० डिसेंबर १९९३ ला आला आणि कचेऱ्या-कॉलेजांतल्या संगणकांवर त्याने धुमाकूळ घातला. तो विकला गेला डॉससाठी, पण लिहिला गेला होता नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवर, म्हणजे युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालीवर. त्यामुळे त्याची रचना डॉसला फार चिकटलेली नव्हती. आयडीतल्याच डेव्ह टेलरने १९९४ मध्ये तो लिनक्सवर आणला. त्यात फार पैसे मिळतील अशी कोणाची अपेक्षा नव्हती, हौसेचाच मामला होता.

गंमत पुढे आहे. १९९७ च्या डिसेंबरात जॉन कार्मॅकने डूमचा सोर्स कोड, म्हणजे खेळाची मूळ आज्ञावली, जगाला मोकळी करून दिली. पण डॉसच्या आवृत्तीतला आवाजाचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता, तो देता येईना. म्हणून जो कोड बाहेर आला तो लिनक्स आवृत्तीचा. १९९९ मध्ये त्याला जीपीएल परवानाही मिळाला. आज डूम कुठे कुठे चालतो ह्याचे विनोद होतात, कॅल्क्युलेटरपासून छपाईयंत्रापर्यंत. त्यातल्या बहुतेकांचे मूळ त्या हौसेच्या लिनक्स पोर्टमध्ये आहे. विक्रीच्या वहीत ज्या आवृत्तीला फारशी किंमत नव्हती तिचाच वंश सर्वांत जास्त वाढला!

आता दुसरा अध्याय, आणि तो जरा दुःखाचा आहे.

१९९८ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात स्कॉट ड्रेकर ह्या वकिली सोडून संगणकाकडे वळलेल्या गृहस्थाने 'लोकी सॉफ्टवेअर' नावाची कंपनी काढली. (लोकी हा नॉर्स पुराणातला खोडकर देव.) धंदा असा: विंडोजवर गाजलेल्या खेळाचे हक्क प्रकाशकाकडून घ्यायचे, खेळ लिनक्सवर आणायचा, डबे छापायचे आणि विकायचे. पहिला डबा १९९९ च्या मे महिन्यात आला, 'सिव्हिलायझेशन: कॉल टू पॉवर'. मग 'मिथ २', 'रेलरोड टायकून २', 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३', 'सिमसिटी ३०००'.. असे करत तीन वर्षांत दीड डझनाहून थोडे अधिक खेळ झाले. काम उत्तम होते ह्याबद्दल तेव्हाही दुमत नव्हते.

वेळही बरी वाटत होती. १९९९ साली लिनक्सचे वारे जोरात होते. ऑगस्टमध्ये रेड हॅट शेअर बाजारात आली, डिसेंबरमध्ये व्हीए लिनक्सचा शेअर पहिल्याच दिवशी जवळजवळ ७०० टक्के चढला. अशा हवेत कोणालाही वाटेल, आता गिऱ्हाइकांची काय कमतरता!

पण लोकीचा हिशेब दोन ठिकाणी चुकत होता. पहिले म्हणजे वेळ. खेळ विंडोजवर आल्यावर मग त्यावर काम सुरू होणार. 'अल्फा सेंटॉरी' विंडोजवर १९९९ मध्ये आला, लिनक्सवर २००१ मध्ये. तोवर विंडोजचा डबा स्वस्तात मिळू लागलेला असायचा, आणि लोकीचा मात्र नव्याच्या किमतीला. दुसरे म्हणजे बहुतेक लिनक्सवाल्यांच्या संगणकावर एका कोपऱ्यात विंडोजही असायचेच. ज्याला खेळाची घाई आहे तो दोन वर्षे कशाला थांबेल? १९९९ च्या अखेरीस 'क्वेक ३' आला तेव्हा लिनक्ससाठी खास पत्र्याचा सुंदर डबा निघाला. पण लिनक्सवर लागणारी फाईल महाजालावरून फुकट उतरवून ती विंडोजच्या सीडीबरोबर वापरता येत होती. पुष्कळांनी हाताशी आलेला विंडोजचा डबा घेतला आणि लिनक्सवर खेळले. वहीत ती विक्री विंडोजच्या नावावर पडली. पत्र्याचे डबे फारसे खपले नाहीत, आणि "लिनक्सवाले पैसे देत नाहीत" हे वाक्य पुढची दहा वर्षे उद्योगात फिरत राहिले.

ऑगस्ट २००१ मध्ये लोकीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितले आणि जानेवारी २००२ च्या अखेरीस दुकान बंद झाले.

लोकीबद्दल लिहिणारे बहुधा इथेच थांबतात. लिनक्सवर खेळ विकणे म्हणजे दिवाळे, असा धडा काढतात. मला वाटते खरा धडा ह्याच्या पुढचा आहे. लोकीच्या मागे दोन प्रकारच्या वस्तू उरल्या. एक म्हणजे ते खेळ. दुसरी म्हणजे ते खेळ आणताना तयार झालेली अवजारे. ह्या दोघांचे पुढे काय झाले ते पाहा.

खेळ पोरके झाले. लिनक्सचा गाभा जुन्या प्रोग्रॅमना सहसा दगा देत नाही, पण त्याच्या भोवतालच्या लायब्ररी बदलत राहतात. आवाजाचीच गोष्ट घ्या: लोकीच्या काळात ओएसएस होते, मग आल्सा आले, मग पल्सऑडिओ, मग पाइपवायर. ज्या प्रोग्रॅमचा कोड उघडा आहे तो नव्या लायब्ररीबरोबर पुन्हा बांधून घेता येतो, त्यामुळे लिनक्सच्या दुनियेत ह्याचे कोणाला फार दुखत नाही. पण खेळ बंद डब्यातला. तो पुन्हा बांधणार कोण? कंपनीच उरलेली नाही. आज लोकीचा जुना खेळ लावायचा म्हणजे जुन्या लायब्ररी हुडकून जोडत बसावे लागते. उलट त्याच खेळांची विंडोज आवृत्ती दुभाष्यामार्फत लिनक्सवर पुष्कळदा सुखाने चालते. विंडोजची भाषा वीस वर्षांत फारशी बदललेली नाही ना! जाणकारांत एक कडवट विनोद आहे, की लिनक्सवर सर्वांत टिकाऊ भाषा कोणती, तर विंडोजची.

अवजारांचे मात्र सोने झाले. सॅम लँटिंगा हा लोकीचा प्रमुख प्रोग्रॅमर. त्याने एसडीएल नावाची लायब्ररी लिहिली होती. खिडकी उघडणे, चित्र, आवाज, कळफलक ह्यांची मागणी एकदाच लिहायची आणि ती विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालायची, अशी ही सोय. लोकीत तिचा रोज वापर झाला, त्यात ती घासून-पुसून पक्की झाली. आवाजासाठीच्या ओपनएएलची सुरुवातही लोकीतच झाली. हे सगळे मुक्त परवान्याखाली असल्यामुळे कंपनी बुडाली तरी ते बुडाले नाही. आज असंख्य खेळ एसडीएलवर उभे आहेत, ते खेळणाऱ्यांना लोकीचे नावही ठाऊक नसते.

दरम्यान दुभाष्याची गोष्ट वेगळीच चालू होती. वाईन नावाचा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला. विंडोजची प्रत्येक मागणी ओळखून तिचे लिनक्सकडून काम करून घ्यायचे, तेही मायक्रोसॉफ्टचा कोड न पाहता. म्हणजे वाळूचे रगडण्याचाच उद्योग. त्याची १.० आवृत्ती निघाली जून २००८ मध्ये, तब्बल पंधरा वर्षांनी. मधल्या काळात ट्रान्सगेमिंग कंपनीने वाईनचा कोड घेऊन खेळांसाठी स्वतःचा दुभाष्या बनवला, वर्गणी घेऊन विकला, पण केलेल्या सुधारणा मूळ प्रकल्पाला परत देईनात. वाईनवाल्यांनी २००२ मध्ये परवानाच बदलला: कोड वापरा, पण त्यात केलेले बदल उघडे ठेवा. तेव्हा हे भांडण किरकोळ वाटले असेल. सोळा वर्षांनी त्याचे महत्त्व कळले. त्याकडे येतोच.

"लिनक्सवाले पैसे देत नाहीत" ह्या वाक्याला पहिला जोरदार धक्का बसला मे २०१० मध्ये. 'हंबल इंडी बंडल' नावाने काही छोट्या खेळकर्त्यांनी 'वर्ल्ड ऑफ गू', 'अक्वेरिया' असे खेळ एकत्र विकायला काढले. किंमत गिऱ्हाइकाने ठरवायची. सगळे खेळ लिनक्सवरही चालणारे. लिनक्सवाल्यांनी सरासरीने विंडोजवाल्यांच्या जवळजवळ दुप्पट पैसे दिले. ह्यातल्या आणि पुढच्या बऱ्याच खेळांच्या लिनक्स आवृत्त्या रायन गॉर्डनने केलेल्या आहेत. हा मूळचा लोकीतलाच माणूस!

मग आली व्हॉल्व्ह. गेब न्यूएल स्वतः कधी काळी मायक्रोसॉफ्टमध्ये होते. विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्ट स्वतःचे दुकान आणणार म्हटल्यावर स्टीम नावाचे दुकान चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येणे साहजिक आहे. जुलै २०१२ मध्ये त्यांनी विंडोज ८ ला जाहीरपणे संकट म्हटले आणि लिनक्सकडे मोर्चा वळवला. पुढच्याच महिन्यात व्हॉल्व्हने आकडे दिले: त्यांचा 'लेफ्ट ४ डेड २' विंडोजवर सेकंदाला २७० चित्रे देत होता, त्याच यंत्रावर लिनक्सवर ३१५. फेब्रुवारी २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर रीतसर आले. त्याच सुमारास सॅम लँटिंगाही व्हॉल्व्हमध्ये गेला होता. लोकीचे वर्तुळ असे पुरे होते की काय असे वाटू लागले.

पण २०१५ च्या नोव्हेंबरात आलेली 'स्टीम मशीन्स' पडली. यंत्रे होती, पण विंडोजवरचे मोठे खेळ त्यांवर नव्हते. आणि जे लिनक्सवर आले होते त्यांतल्या काहींचे पुढे काय झाले? 'रॉकेट लीग' २०१६ मध्ये लिनक्सवर आला. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने जाहीर केले की मार्चपासून लिनक्स आणि मॅक बंद. दोन्ही मिळून खेळणारे ०.३ टक्क्यांपेक्षाही कमी आहेत, असे कारण दिले. पैसे परत दिले हे खरे, पण ज्याने लिनक्स आवृत्ती आहे म्हणून खेळ घेतला त्याच्या हातून खेळ गेला तो गेलाच. त्याआधी 'अनरियल टूर्नामेंट ३'ची लिनक्स आवृत्ती येणार येणार म्हणून लोक २००७ पासून वाट पाहत होते. ती कधीच आली नाही.

इथे माझा मुख्य मुद्दा येतो. लिनक्स आवृत्ती काढणे म्हणजे बाळंतपण नव्हे, संगोपन आहे. एकदा खर्च केला, आवृत्ती काढली, टाळ्या घेतल्या, असे होत नाही. भोवतालच्या लायब्ररी बदलतात, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलतात, खेळाला नवे भाग येतात, आणि प्रत्येक वेळी ती आवृत्ती पुन्हा तपासावी लागते. अर्धवट सोडलेली अस्सल आवृत्ती ही नसलेल्या आवृत्तीपेक्षा वाईट. नसली तर गिऱ्हाईक निदान पैसे टाकत नाही.

संगोपन किती महाग पडते ह्यावरही दोन परस्परविरोधी साक्षी आहेत. 'प्लॅनेटरी अ‍ॅनिहिलेशन'वर काम केलेल्या एका प्रोग्रॅमरने सांगितले, की विक्रीत लिनक्सचा वाटा ०.१ टक्क्याहूनही कमी, पण खेळ कोसळल्याच्या नोंदी आणि तक्रारी २० टक्क्यांहून जास्त, बहुतेक ग्राफिक्स ड्रायव्हरच्या. हे वाचून कोणीही कानाला खडा लावेल. उलट 'डेल्टा-व्ही: रिंग्ज ऑफ सॅटर्न' बनवणाऱ्याने २०२१ मध्ये स्वतःचे आकडे मांडले. सुमारे १२,००० प्रती विकल्या, त्यांतल्या ७०० लिनक्सवर. एकूण १०४० दोष कळवले गेले, त्यांतले ४०० लिनक्सवाल्यांनी. पण त्या ४०० पैकी निव्वळ लिनक्सचे दोष निघाले फक्त ३. बाकीचे सगळ्यांनाच छळणारे दोष होते, लिनक्सवाल्यांनी ते नीट तपशिलासकट कळवले एवढेच. म्हणजे फुकटचे परीक्षक मिळाले! दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. फरक खेळाच्या रचनेत, वेळेत आणि सांभाळणाऱ्याच्या मनात आहे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व्हने 'प्रोटॉन' काढला आणि वादाचा पायाच हलला. प्रोटॉन म्हणजे वाईनच, त्याला जोडून आणखी काही. त्यातला एक महत्त्वाचा भाग डीएक्सव्हीके, जो विंडोजच्या डायरेक्टएक्स भाषेतली चित्रे व्हल्कनमध्ये सांगतो. फिलिप रेबोले ह्या प्रोग्रॅमरला 'निअर: ऑटोमाटा' हा खेळ लिनक्सवर खेळायचा होता, त्यातून तो जन्मला. सुरुवातीला २७ खेळ व्हॉल्व्हने तपासून दिले होते. आज हजारो चालतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेले स्टीम डेक हे हातातले यंत्र ह्याच जोरावर उभे आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या पाहणीत लिनक्सचा वाटा ३ टक्क्यांच्या वर गेला. कार्मॅकने २०१३ मध्येच सुचवले होते, की एकेका कंपनीच्या मागे लागण्यापेक्षा वाईन सुधारणे बरे. तेव्हा लिनक्सवाल्यांना ते झोंबले होते.

मग अस्सल आवृत्तीची गरज संपली का? नाही, असे मला वाटते.

एक तर दुभाष्या कितीही हुशार असला तरी जे बोललेच गेले नाही ते तो सांगू शकत नाही. 'फॅक्टोरिओ'ची लिनक्स आवृत्ती पाहा. ह्या खेळात कारखाना प्रचंड वाढतो आणि तो साठवताना खेळ थांबतो. लिनक्सवर चालू प्रोग्रॅमची क्षणात एक जुळी प्रत काढता येते. मग जुळी प्रत साठवत बसते आणि मूळ खेळ चालू राहतो. ही युनिक्सच्या घराण्यातली जुनी युक्ती आहे, विंडोज आवृत्तीत ती नाही. ती वापरायची तर घरचीच भाषा यावी लागते.

दुसरे, दुभाष्याला पगार देणारा आज मुख्यतः एकच आहे. व्हॉल्व्हचे मन उद्या बदलले तर? २००२ चा तो परवाना इथे कामी येतो. वाईनमध्ये भरलेले काम उघडेच राहील, कोणीतरी ते पुढे नेऊ शकेल. पण दार आतून बंद करणाऱ्यापुढे दुभाष्याचेही चालत नाही. 'एपेक्स लेजेंड्स' स्टीम डेकवर व्यवस्थित चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने फसवेगिरीचे कारण सांगून लिनक्सवाल्यांना बाहेर काढले. तांत्रिक अडचण नव्हती, इच्छा नव्हती.

तेव्हा माझे उत्तर असे. ज्या खेळकर्त्याला पाच-दहा वर्षे आवृत्ती सांभाळता येईल, ज्याने पहिल्या दिवसापासून एसडीएल किंवा व्हल्कनसारखी मोकळी अवजारे धरली आहेत, त्याने अस्सल आवृत्ती जरूर काढावी. ज्याला हे जमणार नाही त्याने भिडेखातर काढू नये. त्याने विंडोज आवृत्ती प्रोटॉनवर तपासावी, चालली नाही तर दुरुस्त करावी, आणि दाराला आतून कडी घालू नये. लिनक्सवाल्यांनीही ह्याला सावत्रपणा म्हणू नये. आणि दोघांनीही एक गोष्ट आयडीकडून शिकावी. खेळाचे कमावण्याचे दिवस संपले की सोर्स कोड मोकळा करावा. आयडीने डूमनंतर 'क्वेक'चा कोड १९९९ मध्ये दिला, 'क्वेक ३'चा २००५ मध्ये. तो पत्र्याचा डबा आता जुन्या वस्तूंच्या कपाटात आहे, पण त्याच्या आतला खेळ आजच्या लिनक्सवर अगदी अस्सल चालतो. कोणीतरी हौशी माणूस तो दर वेळी नव्याने बांधून घेतो, कंपनीला विचारावे लागत नाही.

असो. बरेच लांबले. ज्यांनी तो घरच्या मंडळींसाठीचा परिच्छेद सोडला नाही त्यांचे विशेष आभार.